परकीय भाषेची पदवी : अर्ज भरण्याआधी

बारावीतली मुलगी घरात म्हणाली, ‘मला जर्मन शिकायचंय,’ तर बहुतेक आईवडील विचारतात, ‘शीक की, पण सोबत काय करणार?’ भाषा ही फावल्या वेळात शिकायची आणि मुख्य शिक्षण दुसरंच काहीतरी घ्यायचं, असं आपण धरून चाललो आहोत. पुण्या-मुंबईत संध्याकाळच्या भाषावर्गांची जुनी परंपरा आहे. त्यात अकरावी-बारावीला जर्मन किंवा फ्रेंच घ्यायची ती गुण वाढवायला, हा शिरस्ता पडून गेला. त्यामुळे हा समज आणखीच घट्ट झाला. पण परकीय भाषा हाच मुख्य विषय घेऊन पूर्णवेळ पदवी करता येते. त्यासाठी देशात केंद्रीय विद्यापीठं आहेत, तिथली फी मध्यमवर्गीय आणि त्याहून बेताच्या घरांनाही झेपते, आणि अनेक ठिकाणी ती भाषा आधीपासून येत असण्याची अटही नसते. ही शेवटची गोष्ट महाराष्ट्रात फार थोड्या घरांना ठाऊक आहे. बीड किंवा गडचिरोलीच्या ज्या मुलाने आयुष्यात फ्रेंचचा एक शब्द ऐकलेला नाही, तोही फ्रेंचच्या बी.ए.ला अर्ज करू शकतो, आणि वर्ग त्याच्यासाठीही पहिल्या अक्षरापासूनच सुरू होतो.

अर्जाच्या खटपटीकडे वळण्याआधी ही पदवी म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्यायला हवं. निराशा होते ती बहुधा इथेच. पहिलं वर्ष जवळजवळ सगळं भाषेचंच असतं : उच्चार, व्याकरण, श्रवण, छोटे उतारे, रोजचा गृहपाठ. इतर विषयांत महिनाभर दुर्लक्ष करून परीक्षेआधी पंधरा दिवसांत भरून काढता येतं. इथे ते जमत नाही, कारण आजच्या धड्यावर उद्याचा धडा उभा असतो. दुसऱ्या वर्षापासून त्या देशाचा इतिहास, समाज, कथा-कविता येऊ लागतात. शेवटच्या वर्षात साहित्य, भाषाविज्ञान, अनुवाद यांचे पेपर त्याच भाषेत लिहायचे असतात. म्हणजे जर्मनची बी.ए. करणाऱ्याला काफ्का जर्मनमध्ये वाचून त्यावर जर्मनमध्ये मत मांडावं लागतं. ज्याला मुळात वाचनाचीच आवड नाही, त्याला ही तीन-चार वर्षं जड जातील.

नुसतं बोलता यावं, परदेशी नोकरीसाठी प्रमाणपत्र मिळावं, एवढाच हेतू असेल तर पदवीच्या वाटेला जाऊच नये. महाराष्ट्र सरकारने 2024मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून गावोगावी ‘जर्मन शिका’ची चर्चा आहे. त्या नोकऱ्यांना नर्सिंग, वीजकाम, वाहनचालन असं कौशल्य लागतं आणि जोडीला कामापुरती भाषा. ती एखाद्या चांगल्या संस्थेत पायरीपायरीने शिकता येते. युरोपीय भाषांच्या पायऱ्या ए1पासून सी2पर्यंत सहा आहेत. नर्सिंगसारख्या कामांना मधल्या, म्हणजे बी1-बी2 पायऱ्या लागतात. पदवी त्याहून वेगळ्या माणसासाठी आहे : ज्याला अनुवाद, अध्यापन, संशोधन, दुभाषाचं काम किंवा संपादन करायचं आहे, ज्याला एका परक्या समाजाशी आयुष्यभराचा संबंध जोडायचा आहे. हेतू यापैकी कोणता, हे घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून आधी ठरवावं. अर्ज त्यानंतर.

आता विद्यापीठं. दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, म्हणजे जेएनयू, या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव. तिथे फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, रशियन, जपानी, चिनी, कोरियन, अरबी, फारसी आणि पश्तू या भाषांत बी.ए. ऑनर्स करता येतं. हैदराबादचं इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी, म्हणजे इफ्लू, 1958मध्ये इंग्रजी अध्यापनाची संस्था म्हणून सुरू झालं आणि 2007मध्ये केंद्रीय विद्यापीठ झालं. लखनौ आणि शिलाँगलाही त्याची केंद्रं आहेत. मराठवाड्यातल्या आणि सोलापूरकडच्या मुलांना हैदराबाद अंतराने आणि सवयीनेही दिल्लीपेक्षा जवळचं. दिल्ली विद्यापीठात फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि इटालियनमध्ये बी.ए. ऑनर्स आहे. महाराष्ट्रात पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीची पदवी आहे, आणि पुण्या-मुंबईतल्या काही महाविद्यालयांत जर्मन, फ्रेंच हे बी.ए.चे मुख्य विषय आहेत. तिथले नियम आणि प्रवेशाची रीत प्रत्येक महाविद्यालयाची वेगळी, ती प्रत्यक्ष जाऊन विचारावी.

केंद्रीय विद्यापीठांची वाट सीयूईटी या सामाईक परीक्षेतून जाते. ही परीक्षा नॅशनल टेस्टिंग एजन्सी, म्हणजे एनटीए, 2022पासून घेते. 2025मध्ये तिचं स्वरूप बदललं. आता विषय 37 आहेत : 13 भाषा, 23 अभ्यासविषय आणि एक सामान्य अभियोग्यता चाचणी. त्यांतून जास्तीत जास्त पाच निवडता येतात. प्रत्येक पेपर संगणकावर, एका तासाचा, 50 प्रश्नांचा. बरोबर उत्तराला पाच गुण, चुकलं तर एक गुण वजा. 13 भाषांत मराठी आहे, आणि अभियोग्यता चाचणीही मराठी माध्यमातून देता येते. फ्रेंच, जर्मन, जपानी असे परकीय भाषांचे स्वतंत्र पेपर आधी होते, ते या बदलात गेले. जे शाळेत या भाषा शिकलेले नाहीत, त्यांच्यासाठी ही बातमी वाईट नाही.

घोळ होतो तो विषय निवडताना. फॉर्ममध्ये कोणताही विषय घेता येतो, एनटीए अडवत नाही. अडवतं ते नंतर विद्यापीठ. कोणत्या अभ्यासक्रमाला कोणते पेपर लागतात, हे ज्याचं त्याचं विद्यापीठ ठरवतं. दिल्ली विद्यापीठाला भाषेच्या जोडीला बारावीच्या विषयांचे पेपरही लागतात, आणि सीयूईटीला तेच विषय दिलेले असावे लागतात जे बारावीत घेऊन तुम्ही पास झालात. जेएनयूची परकीय भाषांसाठीची मागणी वेगळी आहे. तिथे इंग्रजी आणि अभियोग्यता चाचणीवर भर असतो. मनाजोगत्या तीन विद्यापीठांच्या पात्रतेची पानं आधी डाऊनलोड करा, छापून समोर ठेवा, आणि तिन्हींना चालेल असा विषयांचा संच काढा. इंग्रजी, अभियोग्यता चाचणी आणि बारावीतले तुमचे तीन पक्के विषय, असा संच बहुतेकांना सोयीचा पडतो. तरीही त्या वर्षीचा नियम स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय फॉर्म भरू नका. नियम दरवर्षी थोडे हलतात. क्लासवाल्याने सांगितलं, मित्राने सांगितलं, यावर विसंबू नका.

फॉर्मची वेळही मराठी मुलांसाठी अडचणीची आहे. नोंदणी वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत असते, म्हणजे आपल्या बारावीच्या प्रात्यक्षिकांच्या आणि लेखी परीक्षेच्या आसपास. मुलं अभ्यासात बुडालेली असतात आणि तारीख निघून जाते. पालकांनी करण्यासारखं खरं काम हेच. दिवाळीनंतर एनटीएच्या संकेतस्थळावर आठवड्यातून एकदा नजर टाकावी आणि फॉर्म भरताना मुलाच्या शेजारी बसावं. नावाकडे नीट बघा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. कुठे वडिलांचं नाव असतं, कुठे नसतं. दहावीच्या गुणपत्रिकेशी बाकीची कागदपत्रं जुळवून घेणं हे काम परीक्षेच्या वर्षी न ठेवता अकरावीतच उरकावं.

सीयूईटीचा निकाल लागला म्हणजे प्रवेश झाला, असंही नाही. प्रत्येक विद्यापीठाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते, वेगळं शुल्क भरावं लागतं, पसंतीक्रम द्यावा लागतो. चांगले गुण असूनही निव्वळ ही दुसरी नोंदणी राहिली म्हणून जागा हुकते. निकालानंतरचे दिवस प्रवासात, लग्नकार्यात घालवू नका. यादी लागली की फी भरायला मिळणारी मुदत फार थोडी असते.

आता आरक्षणाच्या कागदांबद्दल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे आपल्या मुलांचं नुकसान होतं आणि ते टाळता येण्यासारखं असतं. केंद्रीय विद्यापीठात राज्याचं प्रमाणपत्र चालत नाही. ओबीसी असाल तर केंद्र सरकारच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र लागतं, आणि तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते. ही यादी राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर राज्यवार मिळते. विमुक्त, भटक्या जमाती किंवा एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) या वर्गवाऱ्या महाराष्ट्राच्या आहेत, केंद्रात त्या नावाने आरक्षण नाही. आपली जात केंद्राच्या कोणत्या यादीत येते ते शोधावं लागतं. मराठा समाजासाठीचं राज्याचं एसईबीसी आरक्षण केंद्रीय विद्यापीठांना लागू नाही. तिथे निकषांत बसत असाल तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीचं, म्हणजे ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र, तेही केंद्राच्या नमुन्यात, काढावं लागेल. ज्यांच्याकडे कुणबी नोंद आहे त्यांनी केंद्रीय ओबीसीचा मार्ग पाहावा. नॉन-क्रीमी लेयर आणि ईडब्ल्यूएस ही दोन्ही प्रमाणपत्रं चालू आर्थिक वर्षाची लागतात, म्हणजे 1 एप्रिलनंतर काढलेली. राज्यातल्या प्रवेशाला लागणारं जात पडताळणी प्रमाणपत्र हातात आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तो कागद वेगळा. सेतू केंद्रात गेल्यावर ‘केंद्राच्या नमुन्यातलं’ हे शब्द स्पष्ट उच्चारा, नाहीतर हातात राज्याचाच नमुना पडेल. उन्हाळ्यात तहसील कार्यालयात गर्दी असते, म्हणून अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच टाका.

भाषा कोणती घ्यावी? ‘कुठल्या भाषेला स्कोप आहे?’ असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे : जी तुम्ही दहा वर्षांनीही वाचत असाल, तिला. बाजार बदलतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वी रशियनला जी मागणी होती ती सोव्हिएत संघाबरोबर ओसरली. आज कोरियनकडे ओढा आहे, तो मालिका आणि गाण्यांमुळे. आवड म्हणून तो ओढाही खरा असू शकतो, पण तो टिकाऊ आहे का हे तपासून पाहावं. त्यासाठी पैसे लागत नाहीत. डॉइच वेलेचा ‘निकोस वेग’ हा जर्मनचा अभ्यासक्रम, एनएचके वर्ल्डचे जपानीचे धडे, टीव्ही5 मोंदचे फ्रेंचचे सराव, हे सगळं इंटरनेटवर फुकट आहे. अकरावीच्या सुट्टीत दोन महिने रोज अर्धा तास द्या. दोन महिन्यांनी कंटाळा आला तर ती भाषा सोडा, दुसरी पाहा. आणि त्या भाषेतल्या दोन-तीन कथा-कादंबऱ्या मराठी किंवा इंग्रजी अनुवादात वाचा. चेखव, काम्यू, काफ्का, मार्केझ यांच्यापैकी कुणी तुम्हाला रात्री जागं ठेवलं, तर तुमची भाषा सापडली असं समजा.

मराठी बोलणाऱ्याला काही भाषांत वाट थोडी सोपी जाते. जर्मन आणि रशियनमध्ये तीन लिंगं आहेत. इंग्रजी माध्यमातून विचार करणाऱ्याला त्याचा जाच होतो, पण तो, ती, ते यांत वाढलेल्या मुलाला ही कल्पना नवी नसते. जपानी आणि कोरियनमध्ये क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि आपल्या प्रत्ययांसारखी चिन्हं नामाच्या मागे लागतात, त्यामुळे वाक्य जुळवायला मराठी मुलाला वेळ लागत नाही. जपानीत खरी मेहनत आहे ती लिपीची. हिरागाना आणि काताकाना काही आठवड्यांत येतात, पण रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजींची अधिकृत यादीच 2136 चिन्हांची आहे. रोज लिहिण्याची शिस्त नसेल तर जपानी आणि चिनी यांच्या वाटेला जाऊ नये.

फारसी आणि पोर्तुगीज यांचा विचार मराठी मुलांनी अधिक करावा असं मला कळकळीने वाटतं. शिवकाळाची आणि पेशवाईची कितीतरी साधनं फारसीत आहेत, आणि ती मुळातून वाचणारे अभ्यासक आज कमी आहेत. गोव्याच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज कागदांचा प्रचंड साठा आहे. इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्यातूनच ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ उभा केला. त्या वाटेने पुढे जाणाऱ्यांची गरज आजही तितकीच आहे. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजमध्ये एम.ए. करता येतं. जेएनयूत फ्रेंच, स्पॅनिश, कोरियनच्या तुलनेत फारसी किंवा पश्तूला स्पर्धा कमी असते. मात्र निव्वळ दिल्लीच्या कॅम्पसात शिरकाव मिळावा म्हणून कोणतीही भाषा घेऊ नका. नको असलेली भाषा रोज शिकावी लागणं ही शिक्षा आहे, आणि अशी मुलं दुसऱ्या वर्षी मागे पडतात.

मराठी माध्यमाच्या मुलांची भीती वेगळी असते : ‘माझं इंग्रजीच कच्चं, मी फ्रेंच कसली शिकणार?’ पहिल्या सहा महिन्यांत इंग्रजीची अडचण येते हे खरं आहे, कारण पाठ्यपुस्तकातली स्पष्टीकरणं आणि आजूबाजूचं बोलणं इंग्रजीत असतं. त्यासाठी बारावीनंतरच्या सुट्टीत इंग्रजी व्याकरणाचं एक साधं पुस्तक पूर्ण करा. पण तुमच्याकडे एक जमेची बाजूही आहे. विभक्ती, प्रयोग, काळ, अर्थ, समास हे तुम्ही शाळेत रीतसर शिकलेले आहात. भाषेची रचना उलगडून पाहण्याची ती सवय परकीय भाषेच्या वर्गात फार उपयोगी पडते. काही महिन्यांतच वर्ग त्या नव्या भाषेत चालू लागतो, आणि तिथे कॉन्व्हेंटमधून आलेला आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला एकाच रेषेवर असतात.

नोकरीबद्दल मोघम बोलून चालणार नाही. साध्या पत्रांचं, उत्पादनांच्या माहितीपत्रकांचं भाषांतर करून पोट भरण्याचे दिवस यंत्रभाषांतराने कमी केले आहेत, आणि ते अजून कमी होतील. टिकून आहे ते यंत्राचं भाषांतर तपासण्याचं, कायद्याच्या आणि वैद्यकीय मजकुराची जबाबदारी घेण्याचं, समोरासमोर दुभाषाचं, शाळा-कॉलेजात शिकवण्याचं, आणि पुणे, बंगळूर, हैदराबादमधल्या परदेशी कंपन्यांच्या कार्यालयांत ग्राहकांशी त्यांच्या भाषेत बोलण्याचं काम. पण या कामांना अर्धवट भाषा चालत नाही. म्हणून पदवीच्या काळातच त्या भाषेची बाहेरची परीक्षा द्यावी : जर्मनसाठी गोएथे, फ्रेंचसाठी डेल्फ, स्पॅनिशसाठी डेले, चिनीसाठी एचएसके, जपानीसाठी जेएलपीटी. जेएलपीटीच्या पायऱ्या एन5 ते एन1 अशा उलट्या आहेत, एन1 सर्वांत वरची. कामाच्या दृष्टीने एन2च्या खाली फारशी किंमत मिळत नाही. जपानी मुख्य विषय असलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीवर जपानी विद्यापीठात वर्षभर शिकता येतं. फ्रेंच शिकलेल्यांना फ्रान्समधल्या शाळांत भाषा-सहायक म्हणून काही महिने काम करण्याची योजना आहे. पहिल्या वर्षापासून गुण चांगले असतील तरच या संधी हाताला लागतात. आणखी एक गोष्ट : अनुवादकाची कमाई त्याच्या मातृभाषेवर उभी असते. चांगलं मराठी लिहिता येणारा जर्मन किंवा जपानी जाणकार सहज सापडत नाही. परकीय भाषा शिकताना मराठी वाचणं-लिहिणं सोडू नका.

दिल्ली-हैदराबाद झेपत नसेल, घरची परिस्थिती किंवा तब्येत आड येत असेल, तरी दार बंद होत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. तिथे प्रमाणपत्र, पदविका, उच्च पदविका अशा वर्षावर्षाच्या पायऱ्या आहेत. दुसऱ्या कोणत्याही विषयाची पदवी करत करत त्या चढता येतात, आणि पदवीबरोबर भाषेची पुरेशी तयारी असेल तर पुढे त्याच भाषेत एम.ए.कडे वळता येतं. मुंबई विद्यापीठाचे भाषाविभाग कालिन्याला आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही परकीय भाषा विभाग आहे. या वाटेने वेळ जास्त लागतो, पण आज महाराष्ट्रात परकीय भाषा शिकवणाऱ्या अनेकांनी सुरुवात याच संध्याकाळच्या वर्गांतून केली आहे.

आणि तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयांत मराठी, इंग्रजी, हिंदी शिकवणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. तुमच्या वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी अशी असतेच, जी ग्रंथालयातली पुस्तकं संपवते आणि व्याकरणाच्या तासाला कंटाळत नाही. तिला घरी कुणी जेएनयू किंवा इफ्लूचं नाव सांगणार नाही. सीयूईटीच्या नोंदणीच्या दिवसांत तिला बोलावून घ्या, कॉलेजच्या संगणकावर तिचा फॉर्म भरून द्या, आणि तिच्या आईवडिलांशी एकदा स्वतः बोला.